डीपीपासून मोटरीपर्यंत बिनवायरची वीज नेता येईल का? (केबलचोरांना कंटाळून विचारतोय)

काठावरचा

राम राम मंडळी. प्रश्न येडपटासारखा वाटेल पण खरंच विचारतोय, टिंगल करायची तर उत्तर दिल्यावर करा.

आमचं रान करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला. ऊस आणि थोडी केळी. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, वर टेकाडाला आहे आणि मोटर खाली पाण्यात, ५ एचपीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी जसं मागं सरकतं तशी मोटर, पाइप, केबल सगळं घेऊन पाण्याच्या मागं मागं जावं लागतं, गाळात गुडघ्याएवढं रुतत. आत्ता डीपी ते मोटर सरळ रेषेत ६०० मीटर तरी भरेल, मे मध्ये अजून लांब.

आता खरं दुखणं. केबल चोरीला जाते. रात्री लाइट नसते तेव्हा येतात, कापतात, गुंडाळतात, आणि तिथंच पलीकडच्या ओढ्यात जाळून तांबं काढून नेतात. सकाळी गेलं की काठाला नुसते काळे डाग आणि चिकटलेलं प्लास्टिक. तक्रारी देऊन झाल्या, राखण करून झाली, आख्ख्या काठाची हीच रड आहे.

तर झालं असं की भाचा पुण्याहून आला होता, त्याचा मोबाइल नुसता एका चकतीवर ठेवला की चार्ज होतो, वायर नाही काय नाही. मग त्यानंच एक व्हिडिओ दाखवला की टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी टॉवर बांधून सगळ्या जगाला हवेतून फुकट वीज द्यायची सोय केली होती आणि मग ती दाबली म्हणून. माझ्या डोक्यात आलं की चोरायला वायरच नसली तर?

म्हणजे हे हवेतून वीज जाणं नक्की काय असतं, ६०० मीटर जाईल का, आणि नसेल जात तर का नाही, जरा इस्कटून सांगा. मी बारावी सायन्स आहे, अगदीच अडाणी समजू नका.

---

ओहमचा_नियम

दादा प्रश्न अजिबात येडपट नाही. मी चाकणला गाड्यांच्या चार्जरचं काम करतो त्यामुळे यातलं रोज थोडंफार बघतो.

पहिली गोष्ट, तुमच्या डीपीतच वीज बिनवायरची जाते. ११ केव्हीची लाइन ज्या कॉइलला येते आणि ४३३ व्होल्ट ज्या कॉइलमधून बाहेर पडतात त्या दोन कॉइल एकमेकींना तारेनं जोडलेल्याच नसतात, मधे कागद आणि तेलाचं इन्सुलेशन असतं. पहिल्या कॉइलमधला करंट सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होतो, त्यानं चुंबकीय क्षेत्र मागंपुढं होतं, आणि त्या हलत्या क्षेत्रामुळं दुसऱ्या कॉइलमध्ये वीज तयार होते. हे फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं, बारावीला होतंच तुम्हाला. म्हणजे जाते का हा प्रश्न कधीच सुटलाय, किती लांब जाते एवढाच राहिलाय.

डीपीत मधे लोखंडाचा गाभा असतो, तो ते चुंबकीय क्षेत्र धरून ठेवतो, इकडंतिकडं सांडू देत नाही. मोबाइलच्या चकतीत गाभा नाही, त्यामुळं दोन कॉइल काही मिलिमीटरवर ठेवाव्या लागतात आणि फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी लाख-दोन लाख हर्ट्झ करावी लागते. तरीसुद्धा भिंतीतून घेतलेल्या विजेचा पाव हिस्सा किंवा जास्तच उष्णतेत जातो, भाच्याचा फोन उचलून बघा, गरम लागेल. मोबाइल जरा तिरका ठेवला की चार्जिंग बंद, ते याच्यामुळंच.

गाड्यांसाठी हेच मोठं करून करतात. जमिनीत एक पॅड, गाडीच्या पोटाला एक पॅड, मधे १० ते २५ सेंमी हवा, ८५ हजार हर्ट्झ, ११ किलोवॅटपर्यंत, आणि नीट समोरासमोर आलं तर ९० टक्क्यांच्या वर जाते. तुमच्या मोटरीला लागते त्याच्या दुप्पट वीज झाली ही! कोरियात गुमी शहरात २०१३ पासून रस्त्याखालच्या कॉइलवर चालणाऱ्या बस काढल्या, अमेरिकेत डेट्रॉइटला २०२३ मध्ये एका रस्त्याचा छोटा तुकडा तसा केला. पण अंतर बघा, वीतभर.

लांब न्यायचा सगळ्यात गाजलेला प्रयोग एमआयटीचा, २००७ चा. मरिन सोल्याचिच आणि त्यांच्या टीमनं साधारण ६० सेंमी व्यासाच्या दोन कॉइल घेतल्या, दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवल्या, १ कोटी हर्ट्झच्या जवळपास, आणि २ मीटरवर ६० वॅटचा बल्ब पेटवला. चाळीसेक टक्के वीज पोचली. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं की हलक्या हातानं पण उंच जातो ना, तसं हे जुळवणं. पण जुळवून जुळवून सुद्धा कॉइलच्या व्यासाच्या तिप्पट-चौपट अंतर गेलं की संपलं, कारण कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनानं उतरतं, दुप्पट लांब गेलात की एक अष्टमांश.

तर तुमच्या ६०० मीटरला या पद्धतीनं दीड-दोनशे मीटर व्यासाची कॉइल लागेल. दोन. एक डीपीपाशी, एक पाण्यात. आख्खं रान कॉइलच्या आत येईल आणि तांबं एवढं की चोर ट्रक घेऊन येतील.

---

गंमत_जंमत

हवेतून वीज आली तर आमच्या गावात आकडे कशावर टाकायचे? लोकांच्या पोटावर पाय देताय राव तुम्ही

---

टेस्लाभक्त

वरच्या साहेबांनी पुस्तकातलं ज्ञान पाजळलं पण मुद्द्याचं बोलले नाहीत. टेस्लानं कोलोरॅडोत मैलोन्‌मैल लांब दिवे लावून दाखवले होते, न्यूयॉर्कजवळ टॉवर उभा राहिला होता, आणि मॉर्गन नावाच्या सावकारानं विचारलं की याला मीटर कुठं लावायचा? मीटर लागत नाही म्हटल्यावर पैसे बंद केले आणि टॉवर पाडला. आजही हे तंत्रज्ञान दाबून ठेवलंय कारण तारा, पोल, मीटर हा सगळा धंदा बसेल. शाळेत हे शिकवत नाहीत. जरा स्वतः शोध घ्या.

---

जुना_ट्रान्समीटर

नोकरीभर रेडिओ ट्रान्समीटरपाशी बसलोय, आता रिटायर्ड. टेस्लाबद्दल मला आदर आहे, घरात मोटर फिरते ती त्याच्या डोक्यातून आलेली आहे. पण हा व्हिडिओवाला टेस्ला वेगळा आणि खरा वेगळा.

खरी हकिकत अशी. १८९९ ला तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, प्रचंड मोठी कॉइल बांधली, कृत्रिम वीज कडाडवली. दिवे लावले ते स्टेशनपासून थोड्या अंतरावर, जमिनीवर टाकलेल्या तारेच्या वेटोळ्याला जोडून. मैलोन्‌मैलवर दिवे लागले याची नोंद त्याच्या स्वतःच्या टिपणांत सुद्धा नाही. मग १९०१ ला लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा टॉवर सुरू केला, ५७ मीटर उंच. मॉर्गननं दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिक पलीकडे बिनतारी संदेश पाठवायला. त्याच वर्षी डिसेंबरात मार्कोनीनं कितीतरी स्वस्तातल्या सामानावर अटलांटिकपार सिग्नल नेला. इकडं टेस्लानं मधेच सांगितलं की मला संदेश नाही, वीज पाठवायचीय आणि अजून पैसे पाहिजेत. १९०३ ला मॉर्गननं नाही म्हटलं. कोणताही सावकार म्हणाला असता. जागा पुढं टेस्लाच्या हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी हॉटेलवाल्यांकडं गेली आणि १९१७ ला त्यांनी टॉवर भंगारात काढला. मीटर कुठं लावायचा हा संवाद कोणीतरी नंतर रचलेला आहे, पत्रव्यवहारात तो नाही.

आणि टेस्लाची कल्पना हवेतून वीज फेकायची नव्हतीच मुळी. पृथ्वीच एक मोठा वाहक गोळा धरायची, तिला एका जागी हलवायचं आणि जगात कुठंही जमिनीत खुंटी ठोकून वीज काढून घ्यायची, असा त्याचा बेत. पृथ्वी तसं वागत नाही. जमिनीला रोध आहे, वीज सगळीकडं पसरत पसरत मुरून जाते. तुमच्या मोटरीचं अर्थिंग करताना मीठ-कोळसा का घालतात ते आठवा.

टॉवर रिकामा पडलेला असतानाच, १९१५ ला, आपल्याकडं टाटांनी खोपोलीची पाण्यावरची वीज तारेवरून मुंबईच्या गिरण्यांना दिली. ती मात्र अजून चालू आहे.

आता काठावरचा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, कारण कॉइलच्या पलीकडं दुसरी एक पद्धत आहे आणि तिनं वीज मैलावर गेलेली आहे.

विजेला मायक्रोवेव्ह करायचं, डिशनं टॉर्चसारखा झोत करायचा, पलीकडं अँटेना आणि डायोडची जाळी लावून परत डीसी करायचं. त्या जाळीला रेक्टेना म्हणतात. हे रेथिऑन कंपनीच्या विल्यम ब्राऊननं केलं. १९६४ ला त्यानं एक छोटं हेलिकॉप्टर नुसत्या मायक्रोवेव्हवर हवेत ठेवलं, त्यात बॅटरी नाही, पेट्रोल नाही. १९७५ ला प्रयोगशाळेत टेबलाच्या अंतरावर डीसी टाकून डीसी काढली तर ५४ टक्के हातात आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला २६ मीटरच्या डिशनं दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटच्या वर वीज उतरवली. जाळीवर जेवढा झोत पडला त्यातला ८० टक्क्यांहून जास्त वीज झाला. आता यात मेख अशी की सोडलेल्या झोताचा मोठा भाग जाळीच्या बाहेरून निघून गेला होता, तो या ८० टक्क्यांत धरलेला नाही. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

तुमचा हिशोब करू. २.४५ गिगाहर्ट्झ घेतलं तर तरंगलांबी १२ सेंमी. तिला अंतरानं गुणा, ०.१२२ गुणिले ६००, आले ७३ चौरस मीटर. दोन्हीकडच्या अँटेना या आकड्याच्या दीडपट क्षेत्रफळाच्या असल्या तर ८५-९० टक्के झोत पलीकडच्या जाळीत पडतो. म्हणजे दोन्हीकडं ११० चौरस मीटर, व्यास १२ मीटर. यापेक्षा लहान केली की झोत पसरतो, वीज रानात सांडते. हा काही कारखान्याचा दोष नाही की पुढच्या मॉडेलला सुधारेल, लाटांचा गुणच आहे पसरायचा. फ्रिक्वेन्सी वाढवली तर डिश लहान होते पण वीज तयार करायला आणि परत डीसी करायला महाग आणि तोट्याचं होतं.

मग साखळी: वीजेची मायक्रोवेव्ह करताना ७० टक्के, झोतात ८५, परत डीसी करताना ८०. गुणाकार करा, ४८ टक्के. मोटरीला साडेचार किलोवॅट पाहिजेत तर डीपीवरून साडेनऊ-दहा घ्यायचे. आणि डीसीवर तुमची थ्री फेज मोटर चालत नाही, पाण्याकाठी परत व्हीएफडी, म्हणजे डीसीची थ्री फेज करणारं यंत्र, लावा.

त्याच्या जागी १६ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम केबल टाकली तर ६०० मीटरला सव्वादोनशे वॅट जातात. पाच टक्के. चंद्रपूर ते पडघे साडेसातशे किलोमीटर तारेवरून १५०० मेगावॅट जायची सोय आहे, आणि आपण इथं ६०० मीटरला निम्मी वीज उडवून बसतोय.

---

काठावरचा

काका एक नंबर. एवढं इस्कटून कोणी सांगितलं नव्हतं. १२ मीटर म्हणजे आमच्या गोठ्यापेक्षा मोठी डिश.

पण दोन शंका. पाणी मागं गेलं आणि अंतर किलोमीटर झालं तर? आणि मधे माणूस, बैल, पक्षी आला तर भाजणार का, आमच्या पलीकडच्या अंगाला भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात हजारोंनी, उद्या तंदुरी झाली म्हणून माझ्यावर केस.

---

जुना_ट्रान्समीटर

किलोमीटरला दोन्ही डिश १५ मीटरच्या. आणि त्या तुम्ही गाळातून ओढत नेणार.

तंदुरी नाही होणार. ११० चौरस मीटरमधून साडेसहा-सात किलोवॅट म्हणजे चौरस मीटरला ६० वॅटच्या आसपास. दुपारचं ऊन चौरस मीटरला १००० वॅट असतं. फ्लेमिंगो झोतातून उडून जाईल, त्याला कळणार पण नाही. पण माणसांसाठी या फ्रिक्वेन्सीला आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला १० वॅटची आहे, आणि ऊन कातडीवर थांबतं तर हे दोन-चार सेंटिमीटर आत शिरून तापवतं, डोळ्याला विशेष वाईट. म्हणजे झोताच्या वाटेला कुंपण घाला, कोणी आत आलं की आपोआप बंद व्हायची यंत्रणा लावा. शिवाय २.४५ म्हणजे वायफायचीच फ्रिक्वेन्सी, एवढ्या ताकदीचा ट्रान्समीटर लायसन्सशिवाय चालवता येत नाही आणि काठावरच्या सगळ्यांचं वायफाय झोपेल ते वेगळंच.

तुमच्यासारखीच एक केस जगात आहे. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे, तिथं ग्राँ बासँ म्हणून खोल दरीत गाव, गाडीरस्ता नाही, चालतच उतरायचं. पोल नेणं अवघड म्हणून तिथल्या विद्यापीठानं ९० च्या दशकात बेत केला की कड्यावरून दरीत ७०० मीटर मायक्रोवेव्हनं १० किलोवॅट द्यायचे. अंतर बघा, वीज बघा, अगदी तुमचंच. प्रयोगशाळेत नमुने केले, पेपर लिहिले. गाव त्यावर कधी चाललं नाही.

---

निळा_पतंग

मग ते अवकाशातून वीज आणणार म्हणतात ते काय? अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठानं करून दाखवलं ना?

---

जुना_ट्रान्समीटर

केलं. २०२३ च्या जानेवारीत उपग्रह गेला, मे महिन्यात त्यांनी वरून सोडलेला झोत पॅसाडेनात त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर पकडला. पकडला म्हणजे सिग्नल दिसला, त्यावर दिवा लागेल एवढं काही नव्हतं. मूळ कल्पना पीटर ग्लेझरची, १९६८ ची. नंतर नासानं आराखडा केला त्यात वर १ किलोमीटरची अँटेना आणि खाली १० किलोमीटर रुंद जाळी, ३६ हजार किलोमीटर अंतराला. वरच्या हिशोबात घालून बघा, बरोबर बसतं. निसर्ग कोणासाठी वेगळा भाव लावत नाही.

लेझरनं पण करतात. अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर ८०० वॅट दिले, ३० सेकंद. लेझरची तरंगलांबी मायक्रोवेव्हच्या लाख पट लहान, म्हणून छोट्या भिंगावर काम होतं. पण कमी अंतरावर मोजलं तरी लेझरमधून निघालेल्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्साच वीज झाली, आणि भिंतीतून लेझरला किती गेली ती वेगळी. धुकं, धूळ आली की संपलं. त्यांना हे ड्रोनसाठी पाहिजे, तिथं वायर नेताच येत नाही आणि पैशाला तोटा नाही. जिथं वायर नेता येते तिथं वायरच, असं माझं स्पष्ट मत.

---

गंमत_जंमत

हायटेन्शन लाइनखाली ट्यूबलाइट हातात धरली की पेटते हे मी बघितलंय हां, वायर नाही काय नाही. तिथं एक कॉइल लावली तर? (मित्रासाठी विचारतोय)

---

ओहमचा_नियम

पेटते, खरं आहे. ४०० केव्हीच्या लाइनखाली जमिनीपाशी मीटरला काही हजार व्होल्टचं क्षेत्र असतं, ट्यूबमधला गॅस तेवढ्यावर मिणमिणतो आणि करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. करंट एवढासा की मोटर सोडा, मोबाइल पण नीट चार्ज होणार नाही. आणि लाइनखाली लांब दांडके, पाइप, ट्यूब घेऊन उभं राहणं म्हणजे यमाला मिसकॉल देणं. तुमच्या मित्राला सांगा, वीजचोरीचं कलम १३५ आहे, तुरुंग पण आहे.

खरी बिनवायरची वीज तुम्ही रोज वापरता, टोलनाक्यावर. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वरचा रीडर रेडिओ लहर सोडतो, काचेवरच्या स्टिकरमधली अँटेना तीच लहर खाऊन आतली चिप जागी करते आणि नंबर परत पाठवते. चिपला लागतात काही मायक्रोवॅट. वॅटचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोवॅट. एवढं काही मीटर जातं आणि त्यात धंदा होतो, कारण नंबर पाठवायला वीज जवळजवळ लागतच नाही. ऊस भिजवायला लागते.

---

हौशी_पोरगा

जुना मायक्रोवेव्ह ओव्हन फोडून त्यातला मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह तयार करणारा भाग) काढून डब्याची अँटेना करून ट्राय करू का? यूट्यूबवर आहे. छोटा प्रोजेक्ट म्हणून. इंजिनिअरिंग सेकंड इयरला आहे

---

जुना_ट्रान्समीटर

नाही. नाही. नाही.

आतला ट्रान्सफॉर्मर २००० व्होल्टच्या वर देतो आणि करंट मारायला पुरेसा देतो, घरातल्या शॉकसारखा झटकून सोडत नाही. प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेला राहू शकतो. मॅग्नेट्रॉनमधलं सिरॅमिक काही जुन्या नगांत बेरिलियम ऑक्साइडचं असतं, फुटून धूळ नाकात गेली तर फुफ्फुसं जातात. आणि बाहेर निघालेली मायक्रोवेव्ह दिसत नाही, डोळ्यातलं भिंग शिजल्यावरच कळतं. पोरांनो असल्या व्हिडिओखाली लाइक करू नका.

करायचंच असेल तर दोन कॉइल गुंडाळा, १२ व्होल्ट, एक एलईडी, फंक्शन जनरेटर कॉलेजात असतो. कॉइलपासून कॉइल हळूहळू लांब नेत उजेड मोजा, ग्राफ काढा. घन म्हणजे काय ते हाताला कळेल.

---

टेस्लाभक्त

शेवटी सगळे तारवाल्यांचेच वकील निघाले. असो.

---

केळीबाग

शास्त्र वाचून मजा आली पण त्यांची केबल चोरीला जातेय त्याचं काय? मी इंदापूर बाजूची, आमचंही बॅकवॉटरचंच रान, सासरे होते तोवर तेच बघायचे, आता मी बघते.

भाऊ, पहिलं म्हणजे तांब्याची केबल घेऊच नका. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, जाड लागते, वजनाला हलकीच पडते, आणि भंगारात तांब्यासारखा भाव नसल्यानं चोर सहसा हात लावत नाहीत. वर काकांनी १६ स्क्वेअर सांगितलीय ती बरोबर, आमची तीच आहे. फक्त जॉइंटला बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेलं टोक) वापरा, तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमला नुसती पिळून टेप मारली की वर्षभरात काळी पडून जळते, स्टार्टरपाशी बघा.

दुसरं, कोणीतरी सोलर सांगेलच म्हणून आधीच बोलते. मागेल त्याला सौर कृषी पंप चांगली योजना आहे, दहा टक्के भरायचे, पण ती कनेक्शन नसलेल्यांसाठी आहे, तुमचं आधीच आहे. आणि आपल्याकडं पॅनल वर टेकाडाला रोवले की पॅनलपासून मोटरीपर्यंत परत केबल आलीच!

---

काठावरचा

ताई हे पटलं. तांबं मुकादमानं सांगितलं म्हणून घेत आलो, लाइट कमी व्होल्टेजनं येते म्हणून तांबंच पाहिजे म्हणायचा.

पण अ‍ॅल्युमिनियम पण नेलीच तर? आमच्याकडचे चोर काही सोडत नाहीत. मोबाइल स्टार्टर आहे माझा, फोनवरून मोटर चालू-बंद करणारा, पण केबल कापतात तेव्हा लाइटच नसते त्यामुळं त्याला काही समजतच नाही.

---

ओहमचा_नियम

त्याला सोपी युक्ती आहे, आणि इथं खरंच शास्त्र कामाला येतं. केबलसोबत टेलिफोनची पातळ दोन तारांची वायर बांधत न्या. मोटरीपाशी तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून रेझिनमध्ये बुडवा म्हणजे पाणी लागणार नाही. स्टार्टरच्या पेटीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि १२ व्होल्टचा रिले, म्हणजे करंटवर ओढला जाणारा स्विच. बॅटरीचा करंट त्या वायरमधून खाली मोटरीपर्यंत जाऊन परत येतो आणि रिले ओढून धरतो. ज्या क्षणी कोणी केबलसोबत ती वायर कापली त्या क्षणी रिले सुटतो आणि दुसऱ्या बाजूला जोडलेला गाडीचा हॉर्न वाजतो, किंवा सिमकार्डचा डायलर लावला तर तुमच्या फोनला रिंग. लाइटचा संबंधच नाही.

हिशोब: ६०० मीटर जाऊन येऊन १२०० मीटर, अर्धा मिमी तारेला साधारण ११० ओहम. रिलेची कॉइल ४०० ओहमची बघून घ्या. करंट २४ मिलिअँपिअर. ७ एएचची बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, लाइट नसताना सुद्धा दहा-बारा दिवस निघते, आणि लाइट आली की चार्जर भरतो.

रिले घेताना एवढंच बघा की ९ व्होल्टला ओढतो का, काही ओढत नाहीत. अंतर किलोमीटर झालं तर जाड वायर नाहीतर कमी करंटचा रिले.

---

केळीबाग

हे मी करणार. आमच्या वायरमनला फोटो काढून पाठवते. डीपीपाशी हॉर्न नको, तिथं रात्री कोण ऐकणार, फोनच बरा.

---

काठावरचा

मी पण. टेलिफोन वायर करमाळ्यात मिळेल का बघतो बाजारच्या दिवशी. एक विचारायचं राहिलं, आमच्या काठाला घुशी लय आहेत, पातळ वायर कुरतडली तर?

---

ओहमचा_नियम

तर रात्री अडीचला फोन येईल, टॉर्च घेऊन काठाला जाल आणि घूस सापडेल. अर्धा इंची एचडीपीई पाइपातून ओढून घ्या, जुना ठिबकचा पाइप पडलेला असेल तर तोच.